शिकागोत नव्याने आलेल्यांसाठी: आपलेपणाने वागवणारे सिगारचे दुकान आणि लाउंज कसे शोधावे

शिकागोत नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी आलेल्या आणि अधूनमधून सिगार ओढण्याची आवड असलेल्या माणसाला पहिल्याच हिवाळ्यात प्रश्न पडतो की, सिगार ओढायची तरी कुठे? भाड्याच्या घराच्या करारात धूम्रपानाला बहुधा सक्त मनाई असते. सार्वजनिक इमारतींत बंदी आहेच, शिवाय त्यांच्या दारापासून पंधरा फुटांच्या आत उभे राहूनही ओढता येत नाही. पार्क डिस्ट्रिक्टच्या बागा आणि मिशिगन सरोवराचे किनारे यांनाही हीच बंदी लागू आहे. त्यातच जानेवारीत पारा शून्याच्या बराच खाली उतरतो आणि एक मध्यम आकाराची सिगार संपायला पाऊण ते एक तास लागतो. हा सगळा विचार केला की सिगारचे दुकान आणि त्याला जोडलेली बसण्याची जागा, म्हणजे लाउंज, एवढाच पर्याय उरतो.

अशा जागा शहरात आणि उपनगरांत आहेत. पण नवख्या माणसाला, त्यातही परदेशातून आलेल्याला, कोणत्या दारातून आत जावे हे कळत नाही. चामड्याच्या खुर्च्या आणि भिंतभर मांडलेल्या पेट्या पाहून जागेची पारख होत नाही. सिगारमधले काहीही न कळणाऱ्या आणि एकच सिगार विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाशी काउंटरमागचा माणूस कसा वागतो, यावरून ती होते. पुढच्या सर्व पायऱ्या याच कसोटीभोवती लिहिल्या आहेत.

हा लेख सिगार आधीपासून ओढणाऱ्या प्रौढांसाठी आहे. सिगारचा धूर छातीत घेतला नाही तरी तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो, निकोटिनची सवय लागू शकते आणि मोठ्या आकाराच्या एका सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. लाउंजमध्ये बसणाऱ्याच्या फुप्फुसांत इतरांचा धूरही जातो. ज्यांनी कधी तंबाखूला हात लावलेला नाही, त्यांनी केवळ ओळखीपाळखी वाढाव्यात म्हणून ही सवय लावून घेऊ नये, असे मी मनापासून सांगतो. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी अशा खोलीत पाऊलही टाकू नये.

१. आधी इलिनॉयचा कायदा समजून घ्या

कायद्याची माहिती कंटाळवाणी वाटेल, पण ती असली की शहरातील लाउंज अमुक ठिकाणीच का आहेत आणि तिथे अमुक गोष्टी का मिळत नाहीत, हे आपोआप उलगडते. १ जानेवारी २००८ पासून लागू झालेल्या ‘स्मोक फ्री इलिनॉय’ कायद्याने राज्यातील उपाहारगृहे, बार आणि कार्यालये यांत धूम्रपान बंद केले. ज्या मोजक्या जागांना सूट मिळाली त्यांत तंबाखूची किरकोळ विक्री करणारी दुकाने येतात. मात्र त्यासाठी दुकानाच्या एकूण उत्पन्नापैकी ८० टक्क्यांहून अधिक उत्पन्न तंबाखू आणि तिच्याशी संबंधित वस्तूंच्या विक्रीतून यावे लागते. दारूचा, खाद्यपदार्थांचा किंवा उपाहारगृहाचा परवाना असलेल्या दुकानाला ही सूट मिळत नाही. २००८ नंतर सुरू झालेल्या दुकानासाठी आणखी एक अट आहे. ते स्वतंत्र इमारतीत असावे, त्या इमारतीत दुसरा कोणताही व्यवसाय नसावा आणि तिथला धूर धूम्रपानबंदी असलेल्या दुसऱ्या बंदिस्त जागेत जाऊ नये.

यामुळे लूपसारख्या, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती, दाटीच्या भागात नवी लाउंज उघडणे फार अवघड होऊन बसले. तिथे जी आहेत ती बहुतेक जुनी आहेत, आणि नव्यांपैकी बरीच उपनगरांतल्या सुट्या इमारतींत सापडतात. लाउंजमध्ये दारू विकत मिळत नाही, पण स्वतःची बाटली घेऊन येण्याची मुभा बऱ्याच ठिकाणी असते. एखाद्या ठिकाणी बसल्याजागी कॉकटेल आणि सिगार दोन्ही विकत मिळत असतील, तर ती जागा नेमकी कोणत्या परवान्यावर चालते, हे विचारण्यात संकोच करू नका. शेजारच्या इंडियाना राज्यात सिगार बारना वेगळी सूट आहे, त्यामुळे तिकडचा अनुभव इकडे लागू पडत नाही.

वयाची अट २१ वर्षे पूर्ण ही आहे. शिकागो शहराने ती २०१६ मध्ये, इलिनॉय राज्याने जुलै २०१९ मध्ये आणि संपूर्ण देशाने डिसेंबर २०१९ मध्ये लागू केली. विद्यार्थ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातले बहुतेक जण या वयाच्या आतले असतात.

२. सोबत काय असावे

कागदपत्र एकच लागते, पण ते विसरले तर दारातूनच परत फिरावे लागते. जन्मतारीख आणि छायाचित्र असलेले, मुदत न संपलेले ओळखपत्र जवळ ठेवा. इलिनॉयचा वाहन परवाना किंवा राज्याचे ओळखपत्र असेल तर उत्तम. ते हाती येईपर्यंत मूळ पासपोर्ट न्यावा. भारतातील वाहन परवाना किंवा आधार कार्ड इथल्या विक्रेत्याच्या ओळखीचे नसते, त्यामुळे तो ते नाकारू शकतो आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. फोनमधले पासपोर्टचे छायाचित्रही बहुतेक ठिकाणी चालत नाही. पांढरे केस दिसत असले तरी ओळखपत्र मागितले जाते, त्यात अपमान मानू नये.

साधनांमध्ये कटर आणि लायटर या दोनच वस्तू लागतात, आणि सुरुवातीला त्याही विकत घेण्याची गरज नाही, कारण दोन्ही काउंटरवर वापरायला ठेवलेल्या असतात. पुढे घ्यायचे ठरलेच, तर दोन पात्यांचा साधा कटर आणि ब्युटेन वायूवर चालणारा लायटर घ्या. पेट्रोलसारख्या द्रव इंधनावर चालणाऱ्या लायटरचा वास पहिल्या काही झुरक्यांत उतरतो. ब्युटेनचा टॉर्च लायटर, म्हणजे निळी टोकदार ज्योत सोडणारा, अमेरिकेतील विमानप्रवासात हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इनच्या सामानातही चालत नाही. सुटीत भारतात जाताना तो बॅगेच्या कप्प्यात राहून गेलेला असतो आणि सुरक्षा तपासणीत काढून घेतला जातो, म्हणून आधीच बाहेर काढून ठेवा.

अंगावर धुतलेले साधे कपडे घाला आणि भारी लोकरी कोट गाडीत ठेवता आला तर ठेवा, कारण लोकरीत धुराचा वास कित्येक दिवस टिकतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पोटभर जेवून जा. रिकाम्या पोटी सिगारमधले निकोटिन लागले की घाम फुटतो, मळमळते आणि गरगरते.

३. यादी करा आणि ‘स्मोक शॉप’ वेगळी काढा

फोनवरच्या नकाशात शोध घेतल्यावर जे निकाल येतात त्यांत तीन वेगळ्या प्रकारची दुकाने एकत्र येतात. ‘स्मोक शॉप’ किंवा ‘व्हेप शॉप’ म्हणवणाऱ्या दुकानांत इलेक्ट्रॉनिक सिगारेट, काचेच्या नळ्या आणि कोपऱ्यात चार धूळ खाणाऱ्या सिगारी असतात. ‘हुक्का लाउंज’ हा वेगळाच प्रकार असून तिथे संगीत आणि गर्दी यांवर भर असतो. आपल्याला हवी ती तिसऱ्या प्रकारातली, म्हणजे ‘टोबॅकोनिस्ट’ किंवा ‘सिगार लाउंज’ म्हणवणारी दुकाने. छायाचित्रांत आत शिरून फिरता येईल अशी ह्युमिडॉरची खोली दिसते का ते पाहा. ह्युमिडॉर म्हणजे सिगारी ठरावीक ओलाव्यात जपणारी बंदिस्त खोली किंवा पेटी. अशी खोली नसलेले दुकान यादीतून खुशाल काढून टाका.

सुरुवात कुठून करावी असे कोणी विचारले तर मी इवान राइस अँड कंपनी सुचवतो. १८५७ मध्ये स्थापन झालेले हे दुकान साउथ वॉबॅश रस्त्यावर ॲडलर आणि सलिव्हन यांनी आराखडा केलेल्या, एकोणिसाव्या शतकातील ज्वेलर्स बिल्डिंगमध्ये आहे. ते रस्त्याला लागून नसून वरच्या मजल्यावर आहे, म्हणून नवखा माणूस समोरून दोनदा गेला तरी ते त्याच्या लक्षात येत नाही. ॲडम्स/वॉबॅश किंवा वॉशिंग्टन/वॉबॅश या ‘एल’च्या, म्हणजे शहरातील उंचावरून धावणाऱ्या रेल्वेच्या, स्थानकांवरून चालत जाता येते आणि गाडी ठेवण्याची विवंचना राहत नाही. ओल्ड टाउन भागात वेल्स रस्त्यावर अप डाउन नावाचे १९६३ पासूनचे दुकान आहे. पश्चिमेकडे कंट्रीसाइड या उपनगरात कासा दे मॉन्टेक्रिस्टोची मोठी जागा आहे. नेपरविल किंवा ऑरोराकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना शहरात येण्यापेक्षा ती सोयीची पडेल. दक्षिण शिकागोत कृष्णवर्णीय मालकांनी चालवलेल्या लाउंजची स्वतःची परंपरा आहे आणि तिथली गप्पांची रंगत अनुभवण्यासारखी असते. नव्याने आलेले भारतीय ऐकीव गोष्टींवरून तो भागच टाळतात आणि त्यामुळे चांगल्या जागांना मुकतात.

ही नावे फक्त सुरुवातीसाठी आहेत. तुमची रोजची जागा घरापासून किंवा कार्यालयापासून अर्ध्या तासाच्या आत असावी. तासभर गाडी चालवून जावे लागणाऱ्या ठिकाणी माणूस पाहुण्यासारखा जातो आणि पाहुणाच राहतो.

४. पहिली भेट आठवड्याच्या मधल्या दुपारी द्या

शुक्रवार-शनिवारची संध्याकाळ टाळा. त्या वेळी गर्दी असते, विक्रेत्याला बोलायला उसंत नसते आणि नेहमीचे लोक आपापल्या कोंडाळ्यात असतात. मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी दोन-तीनच्या सुमारास गेलात तर दुकानाचे खरे रूप दिसते. आत पाऊल टाकल्यावर प्रथम हवा पाहा. चार-सहा जण ओढत असतानाही छताजवळ धुराचा थर साचलेला नसेल आणि डोळे चुरचुरत नसतील, तर मालकाने वायुवीजनावर पैसा खर्च केला आहे. जुनाट राखेचा कुबट वास येत असेल तर तिथे तासभर बसणे जमणार नाही, मग बाकी कितीही चांगले असो.

५. ह्युमिडॉरमध्ये काय पाहावे

आत जाण्यापूर्वी विक्रेत्याची परवानगी घ्या आणि दार मागे ओढून लावा, कारण उघड्या दारातून ओलावा निघून जातो. भिंतीवर आर्द्रतामापक असतो. त्यावर ६५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान आर्द्रता आणि साधारण १८ ते २१ अंश सेल्सिअस तापमान दिसायला हवे. फळ्या बहुधा स्पॅनिश सीडर या लाकडाच्या असतात आणि त्यांचा वास आल्याआल्या जाणवतो. शिकागोच्या हिवाळ्यात घरोघर चालणाऱ्या हीटरमुळे हवा इतकी कोरडी होते की, निष्काळजी दुकानातील सिगारी फेब्रुवारीपर्यंत तडकू लागतात. म्हणून दुकानाची पारख हिवाळ्यात केलेली अधिक खात्रीची.

सिगारच्या बाहेरच्या पानाला रॅपर म्हणतात. त्यावर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोके दिसली तर तंबाखूच्या भुंगेऱ्याची शंका घ्या. त्याची अंडी साधारण २४ अंशांच्या वर उबतात आणि अळ्या पानातून बोगदे काढतात. निळसर-हिरवट लव आली असेल तर ती बुरशी आहे. अशी एखादी सिगार दाखवल्यावर विक्रेता ती लगेच बाजूला काढतो की हसून टाळतो, हे पाहून ठेवा.

सिगार निवडताना ती अंगठा आणि दोन बोटे यांत हलकेच धरा. दाबल्यावर किंचित दबून पुन्हा वर यावी. कुरकुर आवाज आला तर ती वाळली आहे, आणि लिबलिबीत लागली तर ओलावा जास्त आहे. सेलोफेनमध्ये नसलेल्या सिगारी उचलून नाकाला लावू नका, कारण ती सिगार पुढे कोणाच्या तरी ओठांत जाणार आहे. हा नियम न सांगता पाळणाऱ्याकडे दुकानदार लगेच आदराने पाहू लागतो.

६. काउंटरमागच्या माणसाला सरळ सांगा की तुम्ही नवीन आहात

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. आपल्याकडे दुकानात अज्ञान उघड करायला माणूस कचरतो, कारण फसवले जाण्याची भीती असते. इथे नेमके उलटे करा. किती पैसे खर्चायचे आहेत, किती वेळ आहे आणि आजवर काय ओढले आहे, या तीन गोष्टी आपणहून सांगा आणि मग समोरचा काय करतो ते पाहा.

मी ज्या दुकानात आता नियमित जातो, तिथल्या वयस्कर विक्रेत्याने मला उलट प्रश्न विचारला की, तुम्ही कॉफी कशी घेता. मी म्हटले, कॉफी नाही, आले घातलेला दुधाचा चहा घेतो, आणि तो जरा कडकच लागतो. त्याने मान हलवली, मला ह्युमिडॉरमध्ये नेले आणि दोन सिगारी काढून तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या. एकीचे रॅपर फिकट तपकिरी होते, कनेक्टिकट शेड जातीचे, आत डोमिनिकन तंबाखू. दुसरी निकाराग्वातील एस्तेलीची, गडद आणि किंचित तेलकट चमकणारी. दुसरी दुप्पट किमतीची होती. त्याने ती परत फळीवर ठेवली आणि म्हणाला, ही जेवणानंतर आणि पुढच्या महिन्यात. स्वस्त सिगार विकण्यासाठी त्याने पाच-सात मिनिटे दिली. अशी जागा सोडू नये.

याउलट दुसऱ्या एका लाउंजमध्ये माझे वाक्य पुरे होण्याआधीच विक्रेत्याने सर्वांत महागड्या पेटीकडे बोट केले आणि तो फोनकडे वळला. असे घडले तर नम्रपणे आभार मानून निघावे. शिकागोत रोजच्या वापराची चांगली सिगार दहा ते वीस डॉलरांच्या दरम्यान मिळते. बिलावर विक्रीकर दहा टक्क्यांहून अधिक लागतो आणि कौंटी व राज्य यांचे तंबाखूवरचे कर किमतीत आधीच मिसळलेले असतात, त्यामुळे तीच सिगार दूरच्या उपनगरात थोडी स्वस्त दिसली तर शहरातला दुकानदार लुबाडतो आहे असा अर्थ काढू नका.

आकारांची नावे ऐकून गोंधळू नये. लांबी इंचात सांगतात आणि जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत, म्हणजे ‘पाच बाय पन्नास’ म्हटले की पाच इंच लांब आणि पन्नास भागिले चौसष्ट इंच जाड. या मापाच्या सिगारला रोबुस्टो म्हणतात आणि सुरुवातीला तीच मागावी. चर्चिल सुमारे सात इंचांची असते. ती संपायला दीड तास लागतो आणि नवख्याला तेवढे निकोटिन झेपत नाही. गडद रंग म्हणजे अधिक कडक असेही समजू नका. माडुरो नावाचे काळपट रॅपर अधिक काळ आंबवलेले असते आणि पुष्कळदा चवीला गोडसर लागते.

दुकानात रॉकी पटेल हे नाव ठिकठिकाणी दिसेल. लॉस एंजेलिसमध्ये वकिली करणाऱ्या या भारतीय वंशाच्या माणसाने १९९६ मध्ये ‘इंडियन टबॅक’ या नावाने सिगारी बाजारात आणल्या आणि पुढे स्वतःच्या नावाचा मोठा उद्योग उभा केला. तुम्ही भारतीय आहात हे कळल्यावर अनेक अमेरिकन गिऱ्हाइके गप्पांना याच नावाने सुरुवात करतात, म्हणून एवढे माहीत असलेले बरे.

७. ‘क्यूबन आहे’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा

क्यूबाच्या मालावर अमेरिकेत १९६२ पासून बंदी आहे, म्हणून इथल्या कोणत्याही दुकानात क्यूबन सिगार कायदेशीरपणे विकता येत नाही. सप्टेंबर २०२० पासून प्रवाशाने स्वतःच्या वापरासाठी ती बाहेरून आणण्यालाही बंदी आहे. तरीही कोहिबा, मॉन्टेक्रिस्टो, रोमियो इ हुलिएता ही नावे फळ्यांवर दिसतात. ती त्याच नावाने डोमिनिकन रिपब्लिकसारख्या देशांत बनवलेली, पूर्णपणे कायदेशीर आणि वेगळी उत्पादने आहेत. त्यांत फसवणूक काही नाही. फसवणूक तिथे असते जिथे कोणी हळू आवाजात ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून काउंटरखालून पेटी काढतो. काचेचे झाकण असलेली कोहिबाची पेटी तर हमखास बनावट समजावी. असा प्रस्ताव आला तर घेऊ नका आणि त्या दुकानात पुन्हा जाऊही नका, कारण इतर मालाविषयीही त्याच्यावर भरवसा ठेवता येणार नाही.

८. बसण्याची रीत

सिगार तिथेच विकत घेऊन तिथेच ओढावी. घरून आणलेली सिगार ओढायची असेल तर आधी विचारा. काही ठिकाणी त्यासाठी वेगळी फी घेतात, काही ठिकाणी ते अजिबात चालत नाही. टोपीसारख्या बंद टोकाचा अगदी थोडा भाग कापा, दुसरे टोक ज्योतीच्या जरा वर धरून फिरवत फिरवत पेटवा आणि साधारण मिनिटाला एक झुरका घ्या. धूर तोंडातच ठेवून सोडायचा असतो, छातीत घ्यायचा नसतो. राख इंचभर होऊ दिली तरी चालते. संपल्यावर सिगारेटसारखी चुरडू नका. ॲशट्रेच्या खाचेत ठेवली की ती आपोआप विझते आणि चुरडल्यावर येणारा उग्र वास येत नाही. चक्कर येऊ लागली तर सिगार लगेच खाली ठेवा, बाहेरच्या हवेत जा, पाणी प्या आणि काही गोड खा. तिथल्या लोकांनी हे पाहिलेले असते आणि कोणी हसत नाही.

फोनवर मोठ्याने बोलणे सर्वांना खटकते. घरून आलेला फोन घ्यायचाच असेल तर बाहेर जाऊन घ्या. सेवा करणारा माणूस असेल आणि त्याने ॲशट्रे बदलणे, पाणी आणून देणे अशी कामे केली असतील, तर निघताना दोन-चार डॉलर टिप ठेवण्याची पद्धत आहे.

९. बाटली, गाडी आणि विमा

स्वतःची बाटली नेण्याची मुभा असली तरी त्या दिवशी गाडी नेऊ नका. रक्तातील मद्याचे प्रमाण ०.०८ टक्के झाले की इलिनॉयमध्ये गुन्हा होतो, आणि आपल्यासारख्या व्हिसावर राहणाऱ्यांसाठी प्रकरण दंडावर थांबत नाही. मद्य पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, खटल्याचा निकाल लागला नाही, तरी व्हिसा रद्द होऊ शकतो. अर्धवट उरलेली उघडी बाटली गाडीच्या आसनांजवळ ठेवणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. दुसऱ्याने गाडी चालवली तरी ती डिकीतच ठेवावी.

विम्याच्या अर्जात तंबाखूविषयीच्या प्रश्नाला खरे उत्तर द्या. आरोग्य विम्याच्या संघराज्य नियमांत तंबाखूचा वापर म्हणजे गेल्या सहा महिन्यांच्या आत सरासरी आठवड्यातून चार किंवा अधिक वेळा, अशी व्याख्या आहे, त्यामुळे महिन्यातून दोनदा बसणारा माणूस त्यात येत नाही. आयुर्विम्याचे मात्र वेगळे आहे. तिथे रक्त किंवा लघवीतील कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात तयार होणारे द्रव्य, तपासतात आणि अर्जात ‘नाही’ लिहून तपासणीत ते सापडले तर अर्ज नाकारला जाऊ शकतो.

१०. खुर्च्यांमधली माणसे

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत लक्ष माणसांकडे वळवा. नवा माणूस आला की कोणी पाय आवरून जागा करून देतो का, नाव विचारल्यावर ते नीट उच्चारण्याचा प्रयत्न करतो का, स्त्रिया एकट्या येऊन निर्धास्त बसतात का, यांवरून जागेचा स्वभाव कळतो. चांगल्या लाउंजमध्ये बेअर्स या शिकागोच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सामन्यापासून घराच्या कर्जापर्यंत सगळे बोलले जाते, आणि प्लंबर, वकील, निवृत्त पोलीस शेजारी शेजारी बसलेले असतात. नव्या शहरात सहकाऱ्यांच्या आणि मराठी मंडळाच्या बाहेर ओळखी होणे किती अवघड असते, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. मला चांगला दंतवैद्य आणि विश्वासू गॅरेज या दोन्हींचे पत्ते अशाच खुर्च्यांमध्ये मिळाले.

टीव्हीवर दिवसभर राजकीय वाहिनी मोठ्या आवाजात चालू असेल आणि स्थलांतरितांविषयी बोलणे तुम्हाला पाहूनही थांबत नसेल, तर तिथे स्वतःला सिद्ध करत बसू नका. एखादे वाक्य कोणाच्याही तोंडून निसटते; प्रश्न असतो तो मालक त्यावर काय करतो याचा. तो विषय बदलत असेल, तुमच्याशी मुद्दाम येऊन बोलत असेल, तर जागा सुधारण्याजोगी आहे. तोही हसण्यात सामील होत असेल, तर यादीतील पुढच्या नावाकडे वळा.

११. सभासदत्व सर्वांत शेवटी

काही लाउंजमध्ये सिगार विकत घेतली की बसणे फुकट असते, काही ठिकाणी दिवसाची फी असते आणि काही ठिकाणी मासिक किंवा वार्षिक सभासदत्व घेऊन स्वतःचा लॉकर मिळतो. लॉकर हा खरे तर छोटा ह्युमिडॉरच असतो आणि त्यावर नावाची पितळी पट्टी लावून मिळते, म्हणून नवख्या माणसाला त्याची फार भुरळ पडते. पहिल्या काही महिन्यांत तो घेऊ नका. त्या जागी तुम्ही उन्हाळ्यातही जाता की फक्त थंडीत, हे आधी कळू द्या.

घ्यायचे ठरल्यावर करार लेखी मागा आणि चार गोष्टी वाचा: पाहुणा सोबत आणता येतो का, सभासदाला सिगारींवर सवलत किती आहे, दरमहा ठरावीक रकमेची खरेदी बंधनकारक आहे का, आणि मुदतीपूर्वी सोडल्यास पैसे परत मिळतात का. शेवटची अट आपल्यासाठी विशेष महत्त्वाची आहे, कारण नोकरी किंवा व्हिसा बदलला की महिन्याभरात शहर सोडावे लागू शकते. वर्षाचे पैसे एकदम भरण्याऐवजी महिन्याच्या हप्त्याने सुरुवात करू द्या, अशी विनंती मालकाला करून पाहा; कारण सांगितले तर बहुतेक जण ऐकतात. शहर सोडताना लॉकरची किल्ली परत केल्याची पावती घ्या आणि कार्डावरची मासिक वसुली बंद झाल्याची बँकेच्या पुढच्या विवरणपत्रात खात्री करा.